कोकणातल्या पावसाळ्यासाठी कमी विजेचा ड्रायर कोणता घ्यावा?

पागोळी, रत्नागिरी

नमस्कार. घरासाठी कपडे सुकवण्याचा ड्रायर घ्यावा असे दोन वर्षांपासून मनात आहे. या वर्षी मृगाच्या आत निर्णय घ्यायचाच आहे, म्हणून आमची परिस्थिती जरा सविस्तर मांडते.

घरात आम्ही पाच माणसे. सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहेत, त्यामुळे रोज निदान दोन चादरी, दोन-तीन पंचे आणि त्यांचे गाऊन धुवावेच लागतात. नोव्हेंबरपासून मेपर्यंत काही अडचण नसते. गच्चीवर टाकलेली चादर दोन-तीन तासांत खडखडीत वाळते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत मात्र गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही आंबटओलेच असतात. चादर हाताला कोरडी लागते, पण तिची दुमडलेली शिवण गालाला लावून पाहिली की ओल कळते, आणि तशीच चादर सासूबाईंच्या अंगाखाली घालायची वेळ आली की जीव तुटतो. गेल्या जुलैमध्ये त्यांच्या पाठीवर पुरळ उठले, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो कपडे नीट वाळतात का, हाच.

माझी आजी शेगडीवर वेताची टोपली उपडी घालून तिच्यावर बाळाची दुपटी वाळवत असे. फ्लॅटमध्ये ते शक्य नाही, म्हणून सध्या मी रोज पाऊण तास इस्त्री फिरवून चादरींची ओल घालवते. त्यात वीजही जाते आणि खांदाही भरून येतो.

दुकानात तीन प्रकार दाखवले. ओली गरम हवा नळीतून बाहेर सोडणारा साधा ड्रायर सुमारे २८,००० रुपयांना, पाणी टाकीत साठवणारा कंडेन्सर ड्रायर सुमारे ४५,००० रुपयांना आणि हीट पंपाचा ड्रायर सुमारे ६२,००० रुपयांना मिळतो. तिसऱ्याला वीज इतरांच्या निम्म्याहूनही कमी लागते, असे विक्रेत्याचे म्हणणे होते. आमचे पावसाळ्यातले बिल महिन्याला सरासरी २४० युनिटांचे येते आणि ३०० च्या पुढे गेलो तर दर चढतो, ही धास्ती आहे. धुण्याचे यंत्र पुढून उघडणारे, सात किलोचे आहे आणि त्याचा पिळण्याचा कमाल वेग १००० फेऱ्यांचा आहे. आठवड्याला साधारण पाच वेळा, प्रत्येक वेळी चार किलोंच्या आसपास कपडे सुकवावे लागतील.

हीट पंपासाठी ३४,००० रुपये जास्त मोजावेत का? ते पैसे विजेतून कधी वसूल होतील? यांपेक्षा वेगळा एखादा मार्ग आहे का? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

विद्युतमापी, ठाणे

पागोळीताई, तुम्ही सगळे आकडे दिले आहेत, त्यामुळे उत्तर अंदाजाने न देता हिशेबाने देता येईल. मी तीस वर्षे विद्युत अभियंता म्हणून काम केले आहे. माझा पहिला आग्रह असा की ड्रायरचा विचार किलोंमध्ये करू नये, लिटरमध्ये करावा. वीज कपड्यांवर खर्च होत नाही, कपड्यांतल्या पाण्यावर खर्च होते.

कपड्यांतल्या एका लिटर पाण्याची वाफ करायला साधारण २,४०० किलोजूल उष्णता लागते, म्हणजे सुमारे ०.६७ युनिट. हा निसर्गाचा दर आहे आणि तो कोणत्याही कंपनीला चुकत नाही. विजेच्या हीटरने ही उष्णता द्यायची झाली, तर कपडे, पिंप आणि हवा तापवण्यात जाणारा भाग धरून लिटरमागे जवळपास एक युनिट खर्च होते. साधा ड्रायर काय किंवा कंडेन्सर ड्रायर काय, दोघांचाही खर्च याच घरात येतो; फरक एवढाच की एक वाफ खिडकीबाहेर सोडतो आणि दुसरा ती थंड करून तिचे पाणी टाकीत जमा करतो. कंडेन्सरला जास्त पैसे पडतात ते नळी लागत नाही या सोयीचे. विजेत त्याने बचत होत नाही, हे दुकानात सहसा सांगितले जात नाही.

हीट पंपाचे काम वेगळे चालते. त्यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. पिंपातून आलेली दमट हवा थंड जाळीवरून जाते, तिथे वाफेचे पाणी होते आणि वाफेने घेतलेली उष्णता परत मिळते. तीच उष्णता पुढच्या गरम जाळीत हवेला पुन्हा दिली जाते आणि हवा पिंपात परतते. एकदा विकत घेतलेली उष्णता अशी पुन:पुन्हा वापरात येत असल्यामुळे लिटरमागे साधारण ०.४ युनिट पुरते. म्हणजे विक्रेत्याने तुम्हाला खोटे सांगितलेले नाही.

आता तुमच्या घराचा हिशेब मांडू. चार किलो सुती कपडे १००० फेऱ्यांवर पिळले, तर त्यांत त्यांच्या वजनाच्या साधारण ६० टक्के पाणी राहते, म्हणजे २.४ लिटर. पावसाळ्याचे सतरा आठवडे धरले, तर ८५ वेळा ड्रायर लावाल आणि एकूण २०४ लिटर पाणी काढाल. हीटरच्या ड्रायरला त्यासाठी सुमारे २०४ युनिटे लागतील आणि हीट पंपाला सुमारे ८२. फरक १२२ युनिटांचा. मी सगळे आकार आणि शुल्क मिळून युनिटला १४ रुपये धरतो. तुम्ही आपल्या बिलातला शेवटच्या टप्प्याचा दर घ्यावा, कारण ड्रायरची युनिटे बिलात सर्वांत वर जाऊन बसतात आणि त्यांना सरासरी दर लावणे चुकीचे ठरते. वर्षाला बचत झाली सुमारे १,७०० रुपये. म्हणजे ३४,००० रुपये वसूल व्हायला वीस वर्षे लागतील, आणि तेवढे आयुष्य यंत्राला असेल असे मी तरी धरून चालणार नाही.

तीनशे युनिटांच्या धास्तीबद्दलही बोलतो, कारण पुष्कळ घरांत हा गैरसमज आहे. महाराष्ट्रातले घरगुती दर टप्प्याटप्प्याने लागतात. तुमची ३०५ युनिटे झाली, तर वरच्या पाच युनिटांनाच पुढचा दर लागतो. खालच्या ३०० युनिटांचा दर बदलत नाही. साध्या ड्रायरने महिन्याला बावन्न-त्रेपन्न युनिटे वाढतील आणि तुम्ही २९३ च्या आसपास राहाल. थोडे पुढे गेलात तरी घाबरण्याचे कारण नाही.

आता मुख्य सूचना. तुमचे यंत्र प्रत्यक्षात किती फेऱ्यांवर पिळते ते आधी तपासा. कमाल वेग १००० असला, तरी अनेक यंत्रांत रोजच्या कार्यक्रमाला ६०० किंवा ८०० फेऱ्याच लावलेल्या असतात आणि आपण त्या कधी बदलत नाही. सहाशेवर पिळलेल्या सुती कपड्यांत वजनाच्या ८० टक्क्यांच्या आसपास पाणी राहू शकते. म्हणजे चार किलोंमागे २.४ ऐवजी ३.२ लिटर. हे ०.८ लिटर हीटरने काढायला ०.८ युनिट लागते. तेच पाणी यंत्राच्या मोटरने पिळून काढायला युनिटाचा अगदी किरकोळ अंश लागतो. ८५ वेळांचे मिळून ६८ युनिटांचे काम झाले. हीट पंपाने जी बचत होणार, तिच्या निम्म्याहून जास्त बचत एक बटण दाबून, एक पैसा खर्च न करता होते.

लीड्सकर

विद्युतमापी यांचे गणित बरोबर आहे. मात्र तेच गणित दुसऱ्या हवेत आणि दुसऱ्या बाजारात कसे उलटते, हे आमच्या उदाहरणावरून सांगतो, कारण परदेशातल्या नातेवाइकांचा सल्ला ऐकून भारतातले अनेक जण गोंधळतात.

आम्ही उत्तर इंग्लंडमध्ये राहतो. इथे ऑक्टोबर ते एप्रिल कपडे बाहेर वाळत नाहीत आणि घरात वाळत घातले की भिंतींच्या कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. त्यामुळे ड्रायर वर्षातून सात-आठ महिने चालतो. जुन्या युरोपीय ऊर्जा-लेबलवर वर्षाला १६० वेळा वापर धरून आकडे छापलेले असत: आठ किलोच्या कंडेन्सर ड्रायरला साधारण ५६० युनिटे आणि चांगल्या हीट पंपाला १७६ ते २३५ युनिटे. फरक सव्वातीनशेच्या पुढचा. आमच्याकडे युनिटला पंचवीस पेन्सच्या आसपास पडतात, म्हणजे वर्षाला ऐंशी पौंडांहून जास्त वाचतात, आणि आम्ही घेतला तेव्हा दोन्ही यंत्रांच्या किमतींत दीडशे-दोनशे पौंडांचाच फरक होता. दोन-अडीच वर्षांत हिशेब चुकता झाला. स्वित्झर्लंडने २०१२ पासूनच वरच्या वर्गातले, म्हणजे प्रत्यक्षात हीट पंपाचेच ड्रायर विकायला परवानगी ठेवली, आणि युरोपीय संघात १ जुलै २०२५ पासून ए ते जी अशी नवी श्रेणी लागू झाली, तेव्हाच्या नियमांत हीटरचे नवे ड्रायर बसत नाहीत. तिथे निवडीचा प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे.

तरीही केवळ पैशांकडे पाहू नये असे मला मनापासून वाटते. भारतातले एक युनिट तयार होताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो; १२२ युनिटे म्हणजे वर्षाला सुमारे ८५ किलो. ज्यांना परवडते त्यांनी हाही विचार करावा. हीट पंप घेतलाच, तर त्याच्या कॉम्प्रेसरमधून फिरणारा वायू आर-२९० म्हणजे प्रोपेन आहे ना, ते पाहावे. जुन्या यंत्रांतला आर-१३४ए हा वायू गळला, तर तापमानवाढीच्या दृष्टीने तो कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट जड पडतो.

दोन उणिवाही सांगतो. हीट पंपाला वेळ लागतो; पूर्ण भरलेले पिंप सुकायला अडीच-तीन तास सहज जातात. आणि थंड जागी तो रेंगाळतो. आमचा पहिल्या वर्षी गॅरेजमध्ये होता. जानेवारीत तिथे चार अंश तापमान असताना चादरी पाच तासांनीही दमट निघत. स्वयंपाकघराशेजारी आणल्यावर तोच ड्रायर सुरळीत चालू लागला. रत्नागिरीत ही अडचण येणार नाही.

सूतगिरणी, इचलकरंजी

मी कापड उद्योगातला माणूस आहे, म्हणून विजेपेक्षा कापडाच्या बाजूने लिहितो.

कपडे पावसाळ्यात का वाळत नाहीत, याचे कारण केवळ ऊन नसणे हे नाही. सुती धागा हवेतली ओल स्वतःत धरून ठेवतो. हवेत ६५ टक्के आर्द्रता असते तेव्हा पूर्ण वाळलेल्या सुती कापडातही त्याच्या वजनाच्या ७ ते ८ टक्के पाणी असते, आणि ते आपल्याला कोरडेच वाटते. कोकणातल्या जुलैत आर्द्रता नव्वदीला टेकली की हेच प्रमाण जवळपास दुप्पट होते. म्हणून दोरीवर आठ दिवस ठेवले तरी चादर ‘वाळली’ असे वाटत नाही; हवेचा आणि कापडाचा समतोलच त्या पातळीवर होतो. यावरून ड्रायरच्या वापराची एक गोष्ट निघते. बाहेर काढलेले कपडे तसेच उघड्यावर ठेवले, तर संध्याकाळपर्यंत ते पुन्हा हवेतली ओल ओढून घेतात. निवल्याबरोबर घडी घालून बंद कपाटात किंवा झाकणाच्या पेटीत ठेवावेत.

दुसरी गोष्ट अतिसुकवणीची. स्वस्त ड्रायरमध्ये नुसते घड्याळ असते: तासभर लावले की तासभर तापवणार, कपडे चाळीस मिनिटांत सुकले तरी. वरची वीस मिनिटे वीजही वाया जाते आणि सुती कापड आकसून खरखरीत होते. ओल ओळखणारा ड्रायर घ्यावा. त्यात पिंपाच्या तोंडाशी दोन धातूच्या पट्ट्या असतात. ओले कापड त्यांना लागले की बारीकसा प्रवाह वाहतो, कापड वाळले की तो थांबतो आणि यंत्र बंद होते. धुताना मऊपणासाठी घालतात त्या द्रावणाचा थर या पट्ट्यांवर साचतो आणि यंत्र फसते, म्हणून त्या अधूनमधून पुसाव्यात. रुग्णाच्या पंच्यांना ते द्रावण वापरूच नये. पंचा मऊ लागतो खरा, पण पाणी टिपत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरात अंथरुणावरचे माणूस आहे म्हणजे तेल लावणे होत असणार. तेल लागलेले पंचे, जुनी लुगडी, उशीचे अभ्रे धुतल्यावरही त्यांत तेल राहते. असे कापड ड्रायरमध्ये तापले आणि गरम असतानाच ढिगाने पडून राहिले, तर तेलाची हवेशी प्रक्रिया होऊन उष्णता आतल्या आत वाढत जाते आणि ढीग आपोआप पेटू शकतो. हे भीती घालण्यासाठी लिहिलेले नाही. ड्रायरच्या माहितीपुस्तिकांमध्येही हा इशारा असतो, पण ती पुस्तिका फारसे कोणी वाचत नाही. तेलाचे पंचे वेगळे ठेवा आणि पंख्याखालीच वाळवा. अंथरुणावर घालायची रबरी शीट आणि फोम असलेली कोणतीही वस्तू पिंपात घालू नका. शेवटची दहा मिनिटे यंत्र नुसती थंड हवा फिरवते ती कपड्यांत उष्णता साचून राहू नये यासाठीच. ती पूर्ण होऊ द्यावी. आणि तुमच्याकडे पावसात वीज जाते. मध्येच वीज गेली, तर दार उघडून गरम कपडे बाहेर काढा, झटकून पसरा. आत गठ्ठा तसाच ठेवून झोपू नका.

श्रावणसर, बोरिवली

धुणे आणि सुकवणे एकाच यंत्रात करणारा प्रकार कोणी सुचवेल, म्हणून आधीच लिहिते. आम्ही जागा वाचेल या आशेने तो घेतला. धुण्याची क्षमता आठ किलो आणि सुकवण्याची पाच किलो, हे घेताना कोणी समजावले नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी निम्मे कपडे काढून घ्यावे लागतात. धुण्यापासून सुकण्यापर्यंत पाच तास जातात आणि तोवर दुसरे धुणे लावता येत नाही. शिवाय आमच्या यंत्रात वाफ थंड करायला नळाचे पाणी वापरले जाते, म्हणजे कपडे सुकवतानाही पाणी गटारात जाते. तुमच्यासारख्या रोजच्या चादरींच्या घराला हे यंत्र पुरे पडणार नाही.

आता आम्ही खोलीतली ओल शोषणारे डीह्युमिडिफायर घेतले आहे. लहान खोलीत दोऱ्या बांधल्या, दार-खिडक्या बंद केल्या आणि रात्री ते चालू ठेवले की सकाळी सुती कपडे बऱ्यापैकी वाळलेले असतात. ते दोन-अडीचशे वॅट घेते. रात्रभराची दोन युनिटे धरा. सर्वांत मोठा फायदा असा की त्याच खोलीतली पुस्तके, गाद्या आणि कपाटातल्या चामड्याच्या वस्तू यांना बुरशी धरत नाही. चादरींचा ढीग असेल तर मात्र ते अपुरे पडते.

पागोळी, रत्नागिरी

सर्वांचे मनापासून आभार. विद्युतमापी यांनी लिटरमध्ये मोजायला सांगितले ते मनात बसले आणि मी गेले चार दिवस खरोखर मोजले. प्रवासाचे सामान तोलायचा काटा घरात होता. दोन चादरी, तीन पंचे, दोन गाऊन आणि मुलांचे काही कपडे कोरडे असताना एका पिशवीत घालून तोलले: ४ किलो. नेहमीच्या कार्यक्रमावर धुवून काढल्यावर तीच पिशवी ७ किलो १०० ग्रॅम भरली. मग पॅनेलवर नीट पाहिले, तर सुती कपड्यांच्या आमच्या नेहमीच्या कार्यक्रमाला ६०० फेऱ्याच लागलेल्या होत्या. सहा वर्षे मी ते बटण एकदाही दाबले नव्हते. दुसऱ्या दिवशी तेच कपडे १००० वर पिळले तेव्हा पिशवी भरली ६ किलो ५०० ग्रॅम. सहाशे ग्रॅम पाणी आधीच निघाले.

त्यानंतर आणखी एक प्रयोग केला. ते कपडे रात्री बैठकीच्या खोलीत, भिंतीपासून दूर आणि एकमेकांत वीतभर अंतर ठेवून, कमी विजेच्या पंख्याखाली पसरले. सहा तासांनी वजन केले तर ५ किलो १०० ग्रॅम. हाताला चांगलेच आंबटओले लागत होते, पण मूळच्या वजनाहून फक्त १ किलो १०० ग्रॅम जास्त. सध्या पाऊस नाही, त्यामुळे जुलैत एवढे उतरणार नाही, हे मला ठाऊक आहे.

आता माझा विचार असा आहे की रात्री पंख्याखाली जेवढे निघेल तेवढे निघू द्यावे आणि सकाळी उरलेली ओल ड्रायरने काढावी. असे असेल तर ३४,००० रुपये जास्त मोजण्याचे कारण उरते का? लीड्सकरांचा मुद्दा मला पटतो, पण घरात औषधपाण्याचा खर्च आहे. ड्रायर गॅलरीत ठेवावा लागेल. तिथे एकच लहान सॉकेट आहे आणि समोर ग्रिल आहे.

विद्युतमापी, ठाणे

ताई, चार दिवस काटा घेऊन मोजलेत याचा मला फार आनंद झाला. या आकड्यांवर निर्णय सोपा होतो.

पंख्याचा खर्च पाहा. कमी विजेचा पंखा ३० वॅटचा धरला, तर सहा तासांत ०.२ युनिटही होत नाही आणि त्याने तुमचे १.४ लिटर पाणी काढले. जुलैत त्याच्या निम्मेच निघाले, तरी दुसऱ्या कोणत्याही यंत्राने एवढ्या विजेत हे काम होणार नाही. शेवटचे पाणी धाग्याच्या आतले असते, त्याला लिटरमागे थोडी जास्त वीज लागते. म्हणून पावसाळ्यात प्रत्येक वेळी हीटरच्या ड्रायरला दीड ते दोन युनिटे धरा. सबंध हंगामात फार तर १७० युनिटे होतील. हीट पंपानेही शून्य होणार नाही, तेव्हा फरक शंभर युनिटांच्याही खाली येईल. तुमच्या घरासाठी मी ओल ओळखणारा, हवा बाहेर सोडणारा साधा ड्रायर सुचवतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत एसीच्या जाळ्या किती लवकर खराब होतात, हे तुम्ही पाहतच असाल. उघड्या गॅलरीत हीट पंपाच्या जाळीबद्दलही मला तीच काळजी वाटली असती. वर्षभर वापर असता किंवा यंत्र बंद खोलीत ठेवायचे असते, तर माझे उत्तर वेगळे असते.

दमट हवेत हा ड्रायर चालेल का, असा प्रश्न मनात येईल, म्हणून सांगतो. २८ अंशांच्या, नव्वद टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे साधारण २४ ग्रॅम वाफ असते. तीच हवा ६० अंशांना तापवली की तिची वाफ धरण्याची क्षमता १३० ग्रॅमपर्यंत जाते आणि आर्द्रता वीस टक्क्यांच्या आत येते. तेव्हा आत जाणारी हवा दमट असली तरी चालते. बाहेर पडणारी हवा मात्र पुन्हा आत ओढली जाता कामा नये. नळी ग्रिलमधून बाहेर काढा, लांबी दोन मीटरच्या आत ठेवा, वळणे कमी ठेवा आणि बाहेरच्या तोंडाला पाऊस आत न येणारी खाली वळलेली झडप लावा. नळी ताणून बसवा. तिला झोळ पडला की झोळात पाणी आणि तंतू साचतात.

सॉकेटबाबत तडजोड नको. हीटरचा ड्रायर दोन ते अडीच हजार वॅट घेतो, म्हणजे ११ अँपिअरपर्यंत. तुमच्या लहान ६ अँपिअरच्या सॉकेटला तो जोडायचा नाही, आणि जोडपट्टीवरून (एक्स्टेंशन बोर्डवरून) तर मुळीच नाही. मीटरच्या पेटीपासून गॅलरीपर्यंत १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी स्वतंत्र तार ओढून घ्या, तिला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) लावा, अर्थिंग तपासून घ्या आणि शॉक लागताच वीज तोडणारे उपकरण नसेल तर तेही याच वेळी बसवा. गॅलरीत पावसाचे शिंतोडे येतात, म्हणून सॉकेट झाकणाचे असावे आणि यंत्रावर ताडपत्री न टाकता वरून पत्र्याची पडवी काढावी. ताडपत्रीने हवेची वाट बंद होते.

जाळीतले तंतू प्रत्येक वेळी काढा. पहिल्या महिन्यात तुम्हाला आश्चर्य वाटेल एवढा करड्या लोकरीसारखा थर रोज निघेल. तो तसाच राहिला तर हवा अडते, सुकायला वेळ लागतो, वीज वाढते, आणि तंतूंना आग लवकर लागते.

पागोळी, रत्नागिरी

फार स्पष्ट कळले. वायरमन शनिवारी येत आहेत. तार, एमसीबी आणि वीज तोडणारे उपकरण हे तिन्ही त्यांना लिहून दिले आहे. ड्रायर ओल ओळखणाराच घेणार. दुकानात आता त्याच्या पट्ट्या प्रत्यक्ष दाखवायला सांगेन. तेलाच्या पंच्यांसाठी आजच वेगळी बादली केली आणि सासूबाईंची काळजी घ्यायला येणाऱ्या मावशींनाही ते समजावून सांगितले. जुलैमध्ये पिशवीचे वजन पुन्हा करून इथे आकडे लिहीन.